पंधरा पावलांवरचं वावर

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि एका इसमानं स्वतःच्याच घरी चोरी करून ठाण्यात रडत दिलेली फिर्यादही लिहून घेतली. ती सगळी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. भिलाईतल्या त्या हरवलेल्या चित्राचं प्रकरण मात्र काल दुपारी घडलं असावं तसं आठवतं. नावं सांगणार नाही. त्यातल्या एकाची नातवंडं आज हुडकोत राहतात, दुसऱ्याच्या मुलानं नेहरू नगरात मोठं घर बांधलं आहे, आणि दोन्ही घरची माणसं मला लग्नकार्यात पंक्तीला भेटतात. कोणाचं जेवण कडू करायचं नाही.

कारखान्याची पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते. प्रांतांची वाटणी झाली तेव्हा माझं गाव नागपूरकडे राहिलं आणि माझी नोकरी मध्य प्रदेशात. मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो, तिशीचा होतो, आणि माझ्या मिशीचा दरारा दुर्गपर्यंत होता असं माझं स्वतःचं मत होतं. चोहीकडे खोदकाम चालू. लाल धूळ इतकी, की सकाळी पांढरा म्हणून चरायला सोडलेला बैल संध्याकाळी लाल होऊन परते आणि मालक त्याला घरात घेत नसे. तसे दोन बैल मी ठाण्याच्या आवारात पाण्यानं धुऊन त्यांच्या त्यांच्या मालकांना ओळखवून दिले आहेत. आमच्या जीपला धक्का मारल्याशिवाय ती हलत नसे, त्यामुळे अर्धी भिलाई तिला कधी ना कधी ढकलून पोलिसांच्या परिचयाची झाली होती. खबरी मिळवायला मला वेगळे कष्ट पडले नाहीत.

कारखान्यातल्या माणसांसाठी तिथे एक क्लब होता. एकच लांबलचक दालन. नियमानं सगळ्यांना मोकळं, पण बसायची जागा हुद्द्याप्रमाणे. कोणी तसं लिहून लावलं नव्हतं. तरी मोठे साहेब समोरच्या खिडक्यांपाशी, जिथे वारा येतो तिथे वेताच्या खुर्च्यांवर बसत, आणि कारकून मंडळी थेट पलीकडच्या भिंतीला लागून, कॅरमच्या टेबलाभोवती. मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेतून पगाराची अख्खी उतरंड गेलेली होती, आणि ती ओलांडून खुर्ची सरकवणारा माणूस मी तिथे पाहिला नाही.

चित्र होतं कारकुनांच्या बाजूच्या भिंतीवर. एका रशियन इंजिनिअरच्या बायकोनं ते काढलेलं. तिला सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत. आदल्या वर्षी पावसाळा सरल्यावर ती शेजारच्या मरोदा गावाच्या बाजूला, कारखान्यासाठी घेतलेल्या पण अजून बांधकाम न झालेल्या जमिनीवर छत्री रोवून रोज बसे. शेतकरी उठून गेलेले, पेरणी नाही, म्हणून तिथे रानफुलं माजली होती. तीच ती रंगवत होती. एका गाईनं तिची निळ्या रंगाची नळी चाटली आणि आठ दिवस निळं दूध दिलं, असं मरोद्यात सांगत. दूध मी पाहिलेलं नाही, पण सांगणाऱ्याची जीभ निळी होती. चित्र पूर्ण झाल्यावर तिनं ते क्लबला भेट दिलं आणि खिडक्यांचा उजेड समोरून पडावा म्हणून त्या लांबच्या भिंतीवर स्वतः उभं राहून लावून घेतलं.

दिवाळी जवळ आली होती. मंगळवारी सकाळी क्लबचे सहायक सचिव माझ्या टेबलापुढे येऊन बसले. नवीन होते, रुजू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आपल्याकडचेच, नागपूरचे. घाम पुसत म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, चित्र चोरीला गेलं. शनिवारी मॅडमचा निरोपसमारंभ आहे. नवऱ्याची मुदत संपली, दोघं मायदेशी चालले. समारंभ त्याच दालनात, त्याच चित्रापुढे ठरलाय."

"शेवटचं कधी पाहिलं?"

"रविवारी. दिवाळीची चुनासफेदी चालू होती. सोमवारी क्लब बंद. आज बघतो तर भिंतीवर नुसता खिळा."

फिर्याद लिहून घेतली. तासाभरात वरून फोन आला. साहेबांच्या आवाजावरून असं वाटलं, की चित्र सापडलं नाही तर रशिया भट्टीतली आग परत मागून नेणार. "शनिवारच्या आत माल आणि मुलजिम, दोन्ही पाहिजे," असा हुकूम झाला. त्या दोहोंतला दुसरा शब्द, म्हणजे आरोपी, लक्षात ठेवा. पुढे त्यानं मला जास्त छळलं.

चोरीच्या तपासात पहिली गोष्ट म्हणजे मालाचं वर्णन. सोन्याची साखळी असेल तर किती पदरी, बैल असेल तर शिंग कसं. मी आणि आमचे हवालदार क्लबात गेलो आणि एकेकाला विचारत सुटलो: चित्रात काय होतं?

खिडकीपाशी बसणारे एक मोठे इंजिनिअर म्हणाले, फुलांनी भरलेलं शेत होतं. पिवळं, जांभळं, पांढरं. त्यावरून वारा वाहतोय असं वाटायचं. संध्याकाळी चहा येईपर्यंत ते त्याच्याकडेच बघत बसत.

भिंतीपाशी कॅरम खेळणारा कारकून म्हणाला, "कसली फुलं न् काय साहेब! डागच डाग. माझी बायको सारवण झाल्यावर पोतेरं वाळू घालते ना, तसं. मी तर चार महिने समजत होतो, पावसानं खराब झालं म्हणून."

मी दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं. पोलिसाला खोटं बोलणारा माणूस ओळखता येतो, असं लोक समजतात. खरं सांगतो, आम्हाला फक्त घाबरलेला माणूस ओळखता येतो. हे दोघंही घाबरलेले नव्हते. आणखी सहा जबाब घेतले. तिघांच्या मते शेत, तिघांच्या मते चिखल. फिर्यादी साहेबांनी तर आपल्या जबाबात लिहून दिलं होतं, 'मोठे चित्र, लाकडी चौकट, ठिकठिकाणी चुना उडालेला'. हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, यहाँ दो चित्र थे क्या?" मलाही तीच शंका आली होती, पण हवालदारांना आधी सुचली म्हणून मी त्यांना हसलो.

बुधवारी सकाळी खबर आली. मरोद्याच्या रस्त्यावर एक सायकल दुरुस्तीवाला होता. आमची जीप ढकलणाऱ्यांपैकी सर्वांत जुना. तो येऊन सांगू लागला, "साहब, सोमवार को क्लब का चौकीदार आया था. सायकल पर कुछ बड़ा लादे था, दरवाजे जितना, कंबल में लपेटा. मैंने कहा, दीवार से टिका दे, हवा भर दूँ. नहीं टिकाया! खुद पकड़ के खड़ा रहा, जैसे बहू को पकड़े हो."

क्लबचा चौकीदार म्हणजे पन्नाशीचा, काटकुळा माणूस. भंडाऱ्याकडचा. सकाळी स्टुलावर चढून ते चित्र झटकणं हे त्याचंच काम. मी त्याला ठाण्यात बोलावलं. आला तो धुतलेला सदरा घालून, टोपी हातात घेऊन. आपल्या मुलखातला वयस्क माणूस, म्हणून मी त्याला मामा म्हटलं. दरडावलेला माणूस तोंड मिटून घेतो. नात्यानं हाक मारली की त्याला खोटं बोलायला लाज वाटते. ही माझी जुनी युक्ती.

"मामा, गाव कोणतं तुमचं?"

"लाखनीजवळ हाय साहेब."

"वावर-बिवर हाय का?"

"हाय ना. अडीच एकर, धानाचं. भावाच्या हवाली करून आलो." वावर म्हणजे आमच्याकडे शेत. तो शब्द उच्चारताना त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"मंग सोमवारी सायकलवर काय नेलं?"

चेहरा परत आवळला. "गादी, साहेब."

"गादी भिंतीले टेकवता येत नाही का?"

त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"चित्र कुठं हाय मामा?"

"मले मालूम नाही."

"मालूम नाही का सांगायचं नाही?"

"मले काहीच मालूम नाही साहेब," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तीन तास मी त्याला चहा पाजला. मिशीला पीळ दिला, दंडुका टेबलावर या टोकाचा त्या टोकाला ठेवला. ज्या मिशीनं बोगद्यातून जाणारी आगगाडी थांबली असती, तिच्यापुढे हा माणूस जमिनीकडे बघून उभा. एकदाच म्हणाला, "साहेब, दिवाळीपर्यंत सोडसान ना मले?" मी विचारलं, दिवाळीला काय आहे? त्यावर पुन्हा कुलूप.

संध्याकाळी मी वर कळवलं, की संशयित हाती आहे. साहेब खूश झाले. नोकरानं मालकाची चोरी केली, कलम ठरलेलं, अटक करून मोकळे व्हा म्हणाले. मी उद्यावर ढकललं आणि चौकीदाराला रात्रभर ठाण्यातच बसवून ठेवलं. एक गोष्ट पटत नव्हती. तो चोरून नेईल कशाला? विकणार कोणाला? आणि मुख्य म्हणजे, रोज स्टुलावर चढून नाकासमोर ते चित्र झटकणाऱ्या माणसाला त्यात नेण्यासारखं दिसलं तरी काय असेल?

गुरुवारी सकाळी जागेचा पंचनामा पुरा करायचा होता. हवालदारांनी दालनाचा नकाशा काढला होता. त्यांचा हात चांगला, खुर्च्यासुद्धा एक-एक काढलेल्या. मला काय सुचलं कोण जाणे, कदाचित जबाबांच्या भाराला कंटाळलो असेन, मी प्रत्येक खुर्चीपुढे तिथे बसणाऱ्या माणसाचं उत्तर लिहू लागलो. खिडकीपाशी: शेत, फुलं, फुलं, शेत. भिंतीपाशी: डाग, पोतेरं, चिखल, खराब. एकही अपवाद नाही. साहेब तेवढे फुलं बघत होते आणि कारकून तेवढे डाग.

"हवालदार," मी म्हटलं, "पावलं मोजा. भिंतीपासून खिडकीपर्यंत."

त्यांनी मोजली. पंधरा.

चित्र एकच होतं आणि खोटं कोणीच बोललं नव्हतं. ते चित्रच तसलं होतं: जवळून नुसते रंगाचे फटकारे आणि ठिपके, लांबून शेत. मॅडमनं ते लांबून बघण्यासाठीच काढलं होतं. पण आमच्या क्लबात लांब बसायला हुद्दा लागत होता.

मग मी सहायक सचिवांचा जबाब पुन्हा वाचला. 'ठिकठिकाणी चुना उडालेला'. हा माणूस नवीन, रविवारी सफेदीची पाहणी करायला भिंतीशी गेलेला. जवळून पाहिलं, पांढरे ठिपके दिसले. आता चुनासफेदी चालू असताना चित्रावर पांढरे ठिपके पाहून नवा साहेब कोणावर ओरडेल?

मी ठाण्यात परत आलो. चौकीदार कोपऱ्यात उकिडवा बसला होता. मी त्याच्यासमोर तसाच बसलो आणि विचारलं, "मामा, चुना निघाला का हो?"

त्यानं मान वर केली. डोळे भरलेले.

"नाही निघाला, साहेब. रंगच निघाला."

त्यानंतर त्याला काही विचारावं लागलं नाही. नव्या साहेबांनी त्याला झापलं होतं: चित्रावर चुना उडवला, शनिवारच्या आत साफ कर, नाही तर तुझं कन्फर्म होणं विसर. "दोन वर्सं झाले साहेब, टेम्परवारी हाय मी. दिवाळीले कन्फर्म करतो म्हणाले व्हते. क्वाटर भेटनार म्हनून बायकोले गावावरून आनलं. ते म्हने, पक्क्या छताखाली दिवा लावीन यंदा." त्यानं फडकं घासलेटात बुडवून एका कोपऱ्यातले पांढरे डाग घासले. डाग तर गेलेच, त्यांच्याखालचं पिवळं आणि हिरवंही फडक्यावर आलं. मग तो हादरला. मरोद्याला त्याच्या गावचा एक रंगारी होता, कारखान्याच्या धोक्याच्या पाट्या रंगवणारा. चित्र कांबळ्यात गुंडाळून त्यानं त्याच्याकडे नेलं. शनिवारच्या आत दुरुस्त करून, आणून, पुन्हा खिळ्याला लावायचं. बस.

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी काय म्हनले असते? चोर नाही तं नासधूस करनारा. दोन्हीनं नोकरीच जाते."

मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि हवालदारांना जीप काढायला सांगितली.

मी आणि हवालदार मरोद्याला गेलो. रंगाऱ्याच्या झोपडीबाहेर 'सावधान' लिहिलेल्या लाल पाट्या वाळत होत्या आणि आत आमचं चित्र. रंगारी जरासुद्धा घाबरला नाही. उलट कलावंताच्या तोऱ्यात म्हणाला, "साहेब, बाईनं घाई करून टाकली. एकाही फुलाले पाकळ्या नाही! म्या या कोपऱ्यात लावून देल्या. हुकूम द्या, बाकीचं वावर पन तीन दिवसांत करून देतो."

कोपऱ्यात फुलं होती. अकरा. पाट्यांच्या चकचकीत पिवळ्या रंगात, प्रत्येकाला बरोबर पाच पाकळ्या, मधे लाल टिकली, आणि सगळी फुलं एका रांगेत, परेडला उभ्या असलेल्या शिपायांसारखी. हवालदारांनी चित्र बाहेर आणून भिंतीला टेकवलं. मी मागे मागे सरकत गेलो, पंधरा पावलं मोजत, आणि बाराव्या पावलाला एका म्हशीवर आदळलो. म्हैस हलेना, म्हणून तिच्या पलीकडून पाहिलं. आणि खरंच, समोर एक शेत उभं राहिलं. ऊन होतं, वारा होता. पोलिसाच्या नोकरीत मी निसर्गाकडे फारसं पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी म्हशीच्या पाठीवर कोपर टेकून मी बराच वेळ उभा होतो. फक्त कोपऱ्यातले अकरा शिपाई तिथूनही अकरा शिपाईच दिसत होते.

"हात लावू नका आता," मी रंगाऱ्याला म्हटलं.

"बिघडलं का साहेब?"

"नाही. जास्त चांगलं झालं," मी म्हटलं. खोटं बोललो, पण त्याचा चेहरा पाहून.

शुक्रवारी चित्र खिळ्यावर परत लागलं. मुलजिमाचा प्रश्न राहिला. सहायक सचिव तावातावानं म्हणाले, "चौकीदाराला आत टाका. चोरी ती चोरी." मी त्यांचाच जबाब त्यांच्यापुढे सरकवला. "साहेब, हे चुना उडालेलं तुम्ही लिहिलंय. उडाला तेव्हा तुम्ही कोणाला काही बोलला होता का? कोर्टात तुम्हाला हा प्रश्न येणार, म्हणून आधी विचारून ठेवतो." त्यांनी कागद दोनदा वाचला. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांचं मत पडलं, की शनिवारचा समारंभ आधी पार पडू द्यावा.

नुकसान झाकायची युक्ती माझी. झेंडूच्या फुलांनी भरलेली एक मोठी कुंडी मी चित्राच्या त्या कोपऱ्यापुढे उंच तिवईवर ठेवली. मॅडमनं विचारलंच तर दमट हवेवर एक भाषण तयार केलं होतं. चौकीदाराला सांगितलं, "मामा, तुम्ही फक्त गप्प राहा."

शनिवारी दालन भरलं. साहेब खिडकीकडे, कारकून भिंतीकडे. मी साध्या कपड्यांत मधल्या रिकाम्या जागेत, कारण माझा हुद्दा कुठे बसवावा हे कोणालाच ठरवता आलं नाही. मॅडम आली. उंच, उन्हानं भाजलेली, साधा झगा. त्याच संध्याकाळच्या मेलनं दोघं निघणार होते, सामान बाहेर मोटारीत होतं. हार झाले, भाषणं झाली. मग मॅडम उठली, सरळ चित्रापाशी गेली, आणि कुंडी उचलून खाली ठेवली. चित्र काढणाऱ्या बाईपासून चित्राचा कोपरा लपवायचा माझा बेत किती शहाणपणाचा होता, हे मला त्या क्षणी कळलं.

ती वाकून बघत राहिली. मग सोबत आलेल्या दुभाष्याकडे वळून काही बोलली. दुभाष्यानं हिंदीत विचारलं, "यह किसने किया?"

सहायक सचिव आपल्या बुटांचं निरीक्षण करू लागले. मी दमट हवेसाठी तोंड उघडलं. तेवढ्यात दारापाशी उभा असलेला चौकीदार टोपी काढून पुढे आला.

"म्या केलं. चुना समजून पुसलं बाई. मंग रंग निघाला, तं रंगाऱ्याकून भरून घेतला."

दुभाष्यानं रशियनमध्ये सांगितलं. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. ती तडक बाहेर निघून गेली. चौकीदार जिथे होता तिथेच उभा. त्याची नोकरी आता गेली, हे त्यालाही कळलं होतं आणि आम्हा सगळ्यांनाही.

दोन मिनिटांत ती परत आली. हातात रंगांची पेटी. मोटारीतल्या सामानातून ओढून काढली असणार. रागातच तिनं एक बारीक पातं काढलं आणि रंगाऱ्याची फुलं खरवडू लागली. ती अजून ओलसर होती, एकेक शिपाई गळून पडला. मग तिनं कुंचला भरला, एक फटकारा मारला, आणि मागे मागे चालत पंधरा पावलं खिडकीपाशी गेली, पाहिलं, परत आली. दुसरा फटकारा. पुन्हा पंधरा पावलं. तिचा नवरा घड्याळाकडे बघू लागला. गाडीला तासही उरला नव्हता.

ती थांबली. तिनं दालनभर नजर फिरवली आणि बोट केलं ते चौकीदाराकडे. दुभाषी म्हणाला, "तुम वहाँ खिड़की के पास खड़े रहो. मॅडम यहाँ रंग लगाएँगी. तुम बताओ, कैसा दिखता है."

"तिकडं?" चौकीदार घाबरून माझ्याकडे पाहू लागला. "तिकडं साहेब लोक बसते ना."

तिला त्याचं उत्तर समजलं नसावं. ती आली, त्याच्या मनगटाला धरलं, आणि मधली रिकामी जागा ओलांडून त्याला थेट मोठ्या इंजिनिअरच्या खुर्चीशेजारी नेऊन उभं केलं. इंजिनिअर उठून बाजूला झाले. मग तिनं त्याला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं.

वर्षभर रोज नाकासमोर ठेवून झटकलेलं चित्र त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

"अरे बाप्पा!" तो म्हणाला. आवाज एवढा मोठा, की कॅरमपाशी बसलेलेही दचकले. "हे तं वावर व्हय! ... काय हे, किती तण माजलं! कोनाचं वावर हाय? निंदलं नाही कोनी?"

दुभाषी अडखळला. निंदणं म्हणजे तण उपटून काढणं, हे मी त्याला हिंदीत सांगितलं. त्यानं ते पुढे सांगितलं आणि मॅडम हसली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

कोपऱ्यात तण पुरेसं आहे का, असं तिनं दुभाष्यामार्फत विचारलं.

चौकीदारानं डोळे बारीक केले. आता तो क्लबात नव्हता, लाखनीच्या बांधावर उभा होता. "नाही ना. तरोटा असा एकटा एकटा येत नाही, घोळक्यानं येते. पिवळं आनखी टाका. डावीकडं. हां... त्याच्यात कुर्डू पाहिजे, पांढरं तुरे तुरे. थोडं वर. बस बस बस! लय झालं, अर्धं कमी करा."

ती त्याच्याकडे वळूनही पाहत नव्हती. तो सांगे, दुभाषी बोले, तिचा हात चाले. रशियन बाई, भंडाऱ्याचा शेतकरी, आणि मधे पंधरा पावलं. शेवटी तो म्हणाला, "पुरे. आता एकसारखं दिसून राहिलं. कोनी म्हननार नाही घासलं म्हनून."

तिनं कुंचला पुसला. अकरापैकी एक फूल तसंच राहिलं होतं, पाच पाकळ्यांचं, पार खालच्या कडेला. तिनं मुद्दाम ठेवलं, असं सांगितलं तर गोष्ट अधिक चांगली होते, पण मला माहीत नाही. कदाचित गाडीची वेळ झाली होती. जाताना तिनं चौकीदाराशी हात मिळवला आणि तरोटा हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. दोन्ही वेळा चुकला.

प्रकरण मी 'गैरसमजातून झालेला प्रकार, चोरीचा हेतू नाही' असा शेरा मारून बंद केलं. वरून विचारणा झाली, मुलजिम कुठे? मी लिहिलं, मुलजिमाच्या मदतीनेच मालाची दुरुस्ती झाली असून दोन्ही देशांचे पाहुणे समाधानी आहेत. त्यावर उत्तर आलं नाही. दिवाळीला चौकीदार कन्फर्म झाला. ज्या इंजिनिअरच्या खुर्चीशेजारी तो उभा होता, त्यांनीच कागदावर सही केली.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. पुढच्या सगळ्या नोकरीत जबाब घेताना मी साक्षीदाराला काय पाहिलं, हे आधी कधी विचारलं नाही. आधी विचारलं, तुम्ही कुठे उभे होता? अर्धी भांडणं तिथेच उकलतात. आणि उभं राहण्याची जागा माणूस स्वतः निवडत नाही, बहुतेक वेळा त्याला ती कोणीतरी नेमून दिलेली असते, हेही मी जबाब लिहिताना डोक्यात ठेवू लागलो.

बदली झाल्यावर मी निरोप घ्यायला क्लबात गेलो होतो. दुपारची वेळ, दालन रिकामं. चौकीदार मामा खिडकीपाशी, साहेबांच्या वेताच्या खुर्चीत आरामात बसून समोर बघत होता. मला पाहून उठला नाही. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाला, "बसा साहेब. पहा, अजून कोनी निंदलं नाही."